फ्रॅजाइल म्हणे!

माठ घ्यायचा असला की गोटीराम गांगुर्डेला कुणी बरोबर नेत नाही. नाशिकरोडच्या बाजारात कुंभारणीच्या पुढ्यात तो उकिडवा बसला की चाळीस माठ वाजवतो आणि एक्केचाळिसावा घेतो. तोही घरी आणून पुन्हा एकदा वाजवतो. कुंभारीण एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, माठ घेताय का सून बघताय?" तर हा पठ्ठ्या म्हणतो, "सून वाजवून नाय घेतली, म्हणून तर आता माठ वाजवतोय." त्याची सून संजना हे सगळ्या कॉलनीला हसून हसून सांगते. माणूस वाईट नाही हो. पण पटकन विश्वास टाकणं त्याच्या हाडातच नाही. दूधवाला, डॉक्टर, हवामान खातं, टीव्हीवर बातम्या देणारी ती बाई, सगळे त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी.

ही खोड त्याला जन्मापासून नव्हती. ती लागली एकलहऱ्याला. तिथल्या वीज केंद्राच्या भांडारात, म्हणजे माल उतरवून ठेवायच्या गोदामात, गोटीरामने चौतीस वर्षं काढली. हेल्पर म्हणून चिकटला आणि भांडार सहायक म्हणून निवृत्त झाला. बोल्टपासून भल्यामोठ्या व्हॉल्वपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून गेलं. त्यातच लाकडी पेट्या यायच्या. आत गवतात गुंडाळलेले चिनी मातीचे इन्सुलेटर, ज्यांच्यावर विजेच्या तारा टेकतात ते. पेटीवर लाल शाईत एका पेल्याचं चित्र असायचं आणि त्याखाली ठसठशीत इंग्रजी अक्षरं. सातवी शिकलेल्या गोटीरामने पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचारलं, हे काय लिहिलंय?

"फ्रॅजाइल," साहेब म्हणाले. "म्हणजे नाजूक. जपून उचल, आपटू नको."

तो जपून उचलायला शिकला. पण खरं शिक्षण झालं तिसऱ्या वर्षी. बाहेरगावाहून एक ट्रक आला. त्यात अशा बावीस पेट्या होत्या. माल देणाऱ्याचा माणूस बरोबर आलेला. त्याच्या तोंडात साखर होती नुसती. "दादा, फ्रॅजाइल आहे बघा," तो म्हणाला. "उघडता उघडता एखादा तडकला, तर नाव तुमचं येईल. आहे तशा ठेवा आणि सही द्या." बाकीचे घाबरून मागे सरले. गोटीरामला मात्र वाटलं, हा माणूस इतका गोड का बोलतोय? त्याने पहारीने एक पेटी उघडली आणि लाकडी हातोडीने एकेक नग वाजवायला घेतला. वरच्या दोन थरांचा आवाज खणखणीत होता. तळाच्या थरावर हातोडी टेकवली आणि आवाज बद्द आला. निरखून बघितलं, तर तडे गेलेले आणि त्यांवरून पांढरा रंग फासलेला. बावीसच्या बावीस पेट्यांचा तळ तसाच होता.

साहेबांनी त्या दिवशी त्याच्या पाठीवर थाप मारली. "गोटीराम, एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "ज्या पेटीवर फ्रॅजाइल लिहिलंय, ती आधी उघड. लोक तो शब्द माल जपायला लिहितात, तसा फुटलेला माल झाकायलाही लिहितात."

झालं! हे वाक्य गोटीरामने गंडा बांधल्यासारखं बांधून घेतलं. त्यानंतर आलेली प्रत्येक पेटी त्याने तळापर्यंत उपसली. बरोबर आलेल्या मालाच्या यादीवर लाल पेन्सिलीने एकेक खूण करायची आणि शेवटी लिहायचं, "तपासलं. गो. गां." माल कमी भरला तर लिहायचं, "एक नग कमी. मागाहून येणार." न उघडता त्याने आयुष्यात एकाही पेटीवर "तपासलं" लिहिलं नाही. याचा त्याला भारी अभिमान. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांना शाल मिळते, त्याने शालीबरोबर ती हातोडीही मागून घेतली.

आता त्याला त्र्याहत्तरावं लागलंय. सामनगाव रोडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात बायको सरुबाई, मुलगा बंटी, सून आणि नात तेजश्री. बंटी बेचाळीस वर्षांचा बाप्या झाला, केस मागे गेले, तरी कॉलनीला तो बंटीच. सगळं बरं चाललं होतं. पण गेल्या वर्षी सहादू गेला. भांडारात गोटीरामच्या शेजारच्या टेबलावर तीस वर्षं बसलेला त्याचा जिवाचा दोस्त. त्याच्या चितेसमोर उभ्या उभ्या गोटीराम कोसळला. तीन दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, यांच्या मनाला धक्का बसेल असं काही करू नका.

तेव्हापासून घराची रीतच बदलली. हा खोलीत शिरला की बोलणं थांबायचं. अपघाताची बातमी लागली की चॅनल बदलायचं. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून हा भांडायला जायचा, तर संजना म्हणायची, "हो बाबा, चुकलंच." अरे, भांडणारी सून अशी एकाएकी ऐकायला लागली तर माणसाला संशय येणार नाही का? पाणी कुठंतरी मुरतंय, एवढं त्याला कळत होतं. कुठं ते कळत नव्हतं.

मग एका सकाळी तो चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दाराशी आला. बाहेर बंटी त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता.

"नाही नाही, बाबांना अजिबात कळू द्यायचं नाही. ते फार फ्रॅजाइल झालेत हल्ली."

गोटीराम तसाच मागे फिरला, स्वयंपाकघरात गेला आणि कप ओट्यावर असा आपटला की सरुबाई दचकली. काय झालं म्हणून तिने विचारलं. "काय नाय," तो म्हणाला. आतून मात्र त्याचा नुसता जाळ झाला होता. फ्रॅजाइल म्हणे! ज्याने चौतीस वर्षं ती अक्षरं न जुमानता आतला माल बाहेर काढला, त्याच्याच कपाळावर पोटच्या पोराने तो शिक्का मारावा?

दुपारी त्याने नातीला गाठलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेजू, फ्रॅजाइल म्हणजे नेमकं काय गं?"

"जे पटकन तुटतं ते. काचेचं सामान. आता तर कशालाही म्हणतात, आजोबा. एखाद्याची तब्येत, एखाद्याचा इगो, मैत्रीसुद्धा."

"आन् माणूस?"

तेजश्रीने मोबाइलमधून मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि "मला क्लास आहे" म्हणून उठून गेली. रविवारी कसला आलाय क्लास? म्हणजे पोरगीसुद्धा त्यांच्यात सामील!

काय लपवत असतील? फ्लॅट विकतायत? की त्र्यंबक रोडला कुठेसं ते म्हाताऱ्यांचं केंद्र निघालंय, तिथे आपली सोय लावतायत? आपण दवाखान्यात पडलेलो असताना बंटी कुठल्याशा कागदावर सही घेऊन गेला होता, तो कागद कसला होता? गोटीरामला जेवण गोड लागेना. अन् चार दिवसांनी सरुबाईने जेवता जेवता सांगितलं, "मी आठ दिस नांदगावला जाऊन येते. रंगूचा उजवा गुडघा लय धरलाय. तिच्याच्याने काम व्हत नाय."

रंगूबाई ही तिची धाकटी बहीण. हे सांगताना सरुबाई ताटाकडे बघत होती, आणि संजना सरुबाईकडे. गोटीरामने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून नांदगावला फोन लावला.

"रंगूबाई, गुडघा कसा हे?"

"कोन्ता गुडघा?" पलीकडून आवाज आला. मग जरा थांबून, "हां हां, गुडघा! दुखतोय ना दाजी, लय दुखतोय."

"कोणता?"

"डावा," रंगूबाई म्हणाली आणि घाईघाईने फोन ठेवला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? म्हणजे नांदगावही खोटं, गुडघाही खोटा. बायकोसुद्धा फितूर! बंटीचं एक वेळ समजू शकतो, सुनेचंही समजू शकतो. पण सरू? हिच्याबरोबर अठ्ठेचाळीस वर्षं काढली. आपल्याला कुठेतरी पोचतं करायचं आणि तेव्हा हिला समोर राहायचं नाही, म्हणून ही आठ दिवस पळतेय, अशी त्याने स्वतःची खात्री करून घेतली. त्या रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपला.

जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, सरुबाई वंदनेला विहारात गेली. बाकीचेही बाहेर होते. खाटेवर तिची निळी पिशवी भरून ठेवलेली. गोटीरामने ती एका हाताने उचलून पाहिली. अहो, ज्याने आयुष्यभर पेट्या उचलल्या, त्याच्या मनगटाला काटा लागत नाही. पिशवी हलकी होती. सरुबाई नांदगावला निघाली की पाच किलो घोटीचा तांदूळ बरोबर असतोच. रंगूबाईला तोच भात लागतो. आज तांदूळ नव्हता.

त्याने दाराला कडी घातली, खाटेवरच वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी थराथराने उपसायला घेतली. वरती एक साडी, घडी न मोडलेली. तिच्याखाली दोन गाऊन, पुढून बटणांचे, कोरे. रबरी चप्पल. प्लॅस्टिकचा मग. नवा टॉवेल, कंगवा, दात घासायचा ब्रश. बहिणीच्या घरी कोणी मग घेऊन जातं का? गोटीरामचे हात आता सवयीने चालत होते. एकेक वस्तू काढायची आणि ओळीने मांडायची. तळाशी एक पेपर घातलेला होता. तो पेपर उचलला, तर खाली फाइल.

खरा माल नेहमी तळाच्या थरात असतो.

फाइलवर नाव होतं सरुबाई गोटीराम गांगुर्डे. आत हृदयाचं चित्र, आकडे आणि बारीक इंग्रजी. त्याला ते वाचता येईना. पण एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द होते, आणि ते मात्र त्याने नोंदवहीत स्वतःच्या हाताने हजार वेळा लिहिले होते. व्हॉल्व. रिप्लेसमेंट. जुना निकामी झाला, नवा बसवायचा. वीज केंद्रात असा व्हॉल्व बदलायचा म्हणजे सगळं बंद करायला लागायचं. खाली तारीख होती. बुधवार.

गोटीराम फाइल मांडीवर घेऊन खाटेवर बसला.

फ्लॅट नव्हता. म्हाताऱ्यांचं केंद्र नव्हतं. सरू होती. वर्षभर ती जिना चढताना दमत होती आणि हा वर उभा राहून म्हणायचा, "वजन कमी कर, वजन!" ओट्यापाशी उभं न राहता ती पाटावर बसून भाजी चिरायला लागली, तेव्हा हा म्हणाला, आळशी झाली. बाजारातले चाळीस माठ वाजवणाऱ्याने शेजारी झोपणाऱ्या बाईच्या छातीला एकदाही कान लावला नाही. लाज वाटली त्याला. इतकी वाटली की तो मोठ्याने म्हणाला, "थू तुझ्या तपासणीवर!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आठ पायऱ्या, मग शांतता. पुन्हा आठ पायऱ्या, पुन्हा शांतता, आता जास्त वेळ. गोटीराम झटक्याने उठला. फाइल, पेपर, मग, चप्पल, गाऊन, साडी, जसं होतं तसं त्याने भरायला घेतलं. भरता भरता थांबला. त्याने कपाटातून तिची तपकिरी शाल काढली, कारण दवाखान्यात एसी असतो आणि तिला थंडी सोसत नाही. मग कॅलेंडरच्या मागचा लाल पेन्सिलीचा तुकडा घेतला, एका चिठ्ठीवर चार शब्द खरडले आणि चिठ्ठी शालीच्या घडीत सारली. कडी काढली.

सरुबाई दारात उभी. कपाळावर घाम आणि तोंडावर हसू.

"काय करत व्हते आतमधी?"

"पिशवी जड तर नाय ना, ते बघत व्हतो."

तिचं हसू तिथल्या तिथे थिजलं. ती पिशवीकडे बघायला लागली आणि हा तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत भीती होती. ती ऑपरेशनची नव्हती, त्याला कळलं तर काय होईल याची होती. गोटीरामच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण जिना चढून आलेली ती बाई अजून धापत होती. आता भांडण काढायचं? छे!

"हलकीच हे," तो म्हणाला. "बस. पाणी देतो."

आयुष्यात पहिल्यांदाच गोटीरामने एक उघडलेली पेटी न उघडल्यासारखी बंद केली. सोमवारी बंटी आईला "स्टेशनवर सोडायला" घेऊन गेला, तेव्हा त्याने खाली उतरून हातसुद्धा हलवला. रंगूबाईला तांदूळ कसा नाही नेत, एवढंच विचारलं. सरुबाई म्हणाली, "तिकडं मिळतो आता."

मंगळवारी सकाळी वाचनालयात जातो म्हणून तो निघाला आणि बस धरून फाइलवरच्या पत्त्यावर पोचला. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. सरुबाई शाल पांघरून बसली होती आणि तिच्या हातात ती चिठ्ठी होती. लाल अक्षरांत लिहिलेली: "तपासलं. एक नग कमी. मागाहून येणार. गो. गां."

बंटी खुर्चीवरून ताडकन उठला. "बाबा! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच. गॅलरीत उभा राहून. पेटीवर तू लिहिलं, मग मी उघडली."

"त्याला बोलू नका," सरुबाई म्हणाली. "मीच शपथ घातली व्हती. सहादूभाऊंच्या टायमाला तुम्ही कसे पडले, ते या डोळ्यांनी बघितलं हे मी. मी आत झोपलेली आन् तुम्ही भाईर पडले, तर माझं काळीज सुरू व्हईल का पुन्हा?"

"आन् तू आतच राहिली असती तर?" गोटीरामचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. "मी काय करायचं? नांदगावच्या गाडीची वाट बघत बसायचं?"

मग तो खाटेच्या कडेला बसून रडला. लपूनछपून नाही, चांगला हमसाहमशी रडला. बंटी डॉक्टरांना बोलवायला धावणार होता, पण सरुबाईने त्याला हातानेच थांबवलं. दुसरा हात गोटीरामच्या पाठीवर ठेवला.

"फुटले का?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"नाय," त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "तडा हे. पण जुना हे."

बुधवारी सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सरुबाईची ट्रॉली थांबली. मागून एक सिस्टर खोका घेऊन आली. मिठाईच्या पुड्याएवढा असेल. बसवायचा व्हॉल्व नातेवाइकांना दाखवायचा, खोक्यावरचे नंबर कागदाशी ताडून घ्यायचे आणि सही घ्यायची, अशी तिथली पद्धत. बंटीने हात पुढे केला.

"थांब," गोटीराम म्हणाला. "माल मी उतरवून घेतो."

त्याने चष्मा पुसला. खोका दोन्ही हातांत घेतला. नाव जुळवलं, नंबर दोनदा जुळवला, तारीख पाहिली, चारही कोपरे अंगठ्याने चाचपले. मग खोका उलटा केला, आणि पाठीवर ते दिसलं. लाल पेला, आणि खाली तीच ठसठशीत अक्षरं.

त्याचा अंगठा आपोआप सीलच्या कडेवर गेला. ती आधी उघड. कानात साहेबांचा आवाज आला, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. आत काय भरलंय कुणी पाहिलंय? कुठला कोण कारखाना, कुठला कोण माणूस, त्याने आत काय ठेवलंय आणि ते सरूच्या काळजात बसवायचं? अंगठ्याचं नख सीलखाली शिरलं.

"बाबा, ते इथे उघडायचं नसतं," सिस्टर म्हणाली. "आत डॉक्टरच उघडतात."

गोटीराम हलेना. बंटीने हळूच हाक मारली. हा तसाच उभा.

"अहो," ट्रॉलीवरून सरुबाई म्हणाली, "वाजवून बघू नका बरं!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डोक्याला हिरवी टोपी घातलेली, अंगावर हिरवी चादर, आणि एवढ्यातही चेष्टा करतेय. ती घाबरलेली होती, हे त्याला लख्ख दिसत होतं. तो या दारात जितका वेळ उभा राहील, तितका वेळ ती तिथे घाबरून पडणार होती. त्याने नख काढून घेतलं.

सिस्टरने कागद आणि पेन दिलं. गोटीरामने सवयीने "त" काढला आणि थांबला. उघडलं नव्हतं, तर तपासलं कसं लिहायचं? त्याने ते अक्षर खोडलं आणि शेजारी लिहिलं, "मिळालं. गो. गां." अक्षर वेडंवाकडं आलं. चौतीस वर्षांत अशी सही त्याने कधी केली नव्हती.

मग त्याने खोका दोन्ही हातांनी सिस्टरच्या हातात दिला.

"जपून न्या," तो म्हणाला. "आपटू नका."

"हो बाबा, खोका आम्ही जपूनच नेतो."

"दोन्ही," गोटीराम म्हणाला.